नवमीची सवाष्ण

मंगलाबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, हे तिच्या नवऱ्याच्या, धुडकूच्या घरात ठरलेलं. गेल्या वर्षी सून रंजनानं सगळं निगुतीनं केलं. धुडकूनं नुसती ढेकर दिली. या वर्षी मात्र सुरतेत प्लेगची बोंब उठली आणि माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. धुडकू कामाला होता तिथले कापडाचे लूमही थांबले. खटखट बंद झाली तर धुडकूला झोप येईना.

"दादा, चाला. पित्तर गावले करूत," मुलगा योगराज विनवून थकला.

धुडकू हटला नाही. मंगलाबाईची राख इथेच तापीत सोडलेली. तिचं माहेर चोपड्याकडचं, तापीकाठचं. आषाढात तापीमायचा जन्मदिवस आला की ती घाटावर साडीचोळी वाहायची आणि माहेरचं पाणी भेटलं म्हणत खुशीत घरी यायची. तिला टाकून पळायचं धुडकूच्या जिवावर आलं. शेवटी योगराज बायकोपोरांना घेऊन गेला, आणि म्हातारा हट्टासकट एकटा उरला.

नवमीच्या सकाळी तो नदीवर गेला. एरवी पित्तरपाटात घाटावर पाय ठेवायला जागा नसते. आज दोन-चार माणसं, तोंडाला रुमाल बांधून एकमेकांपासून लांब उभी. त्यानं बुडी मारली, ओंजळीनं पाणी सोडलं, तांब्या भरून घेतला. घरी येऊन खीर, कढी, उडदाचे वडे, गिलक्याची भजी असा सगळा घाट घातला. वडे कसेही वेडेवाकडे झाले, पण झाले.

घोडं अडलं ते सवाष्णीपाशी. गल्लीभर कुलपं. नवरा हयात असलेली एक बाई पाटावर बसून जेवली नाही तर मंगला उपाशी, एवढंच त्याला कळत होतं. भर उन्हात तीन गल्ल्या पालथ्या घालून तो रडकुंडीला आला, तेव्हा नळावर मागच्या गल्लीतली शोभाबाई दिसली. तिचा नवरा मिलचा वॉचमन. त्याला रजा मिळाली नव्हती.

"नवमीनी सवाशीन म्हनीसन बसशी का, बाई?"

"येसू ना, आबा," ती म्हणाली. "ताई मनी मैतरीन व्हती."

त्यानं तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकवाचा करंडा पुढे सरकवला, निखाऱ्यावर तूप आणि खिरीचा घास टाकला. पाटावर आहे तोवर ती शोभाबाई नाही, मंगला, असाच रिवाज. धुडकू वाढायला समोर बसला.

"ताईले काय आवडे? ते आधी खाऊ दे मले," तिनं विचारलं.

धुडकूचा हात खिरीकडे गेला, मग वड्यांकडे, आणि मागे आला. एकतीस वर्षांचा संसार. तो जेवून लूमवर पाळीला जायचा आणि मग मागे कधीतरी ती जेवायची. काय खायची, किती खायची, त्यानं पाहिलंच नव्हतं. लाजेनं त्याची मान वर होईना.

शोभाबाईनं वडा मोडला. मग हळूच म्हणाली, "तुम्ही गयात की ती भाकर लिसन मना वट्यावर ये. म्हने, 'मले बी एक दिन कोनी समोर बसाडीसन वाढाले पाहिजे. मी पुरं म्हनसू तवलगुन वाढतच ऱ्हावाले.'"

बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. ती खाली बघून जेवू लागली. धुडकूनं खिरीचा डाव उचलला. एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तो थांबला नाही. शोभाबाईचं पोट केव्हाच भरलं होतं. ताटावर आडवा धरायला तिनं हात उचलला.

"मंगला," धुडकू म्हणाला, "आजून वाढू?"

शोभाबाईनं हात मागे घेतला.

"वाढा," ती म्हणाली.