वाघुरीच्या अलीकडे

माझ्यात थांबायचा गुणच नाही. शिवणक्लास दीड महिन्यात सोडला, कॉम्प्युटरचा कोर्स वीस दिवसांत. मेंढरांमागे चालताना मी अशी तरातरा निघते, की कळप मागे राहतो आणि मीच चरायला चाललेय असं दिसतं. "पोरीच्या पायाला भिंगरी हाय," असं माझी माय, चांगुणाबाई, येईल त्या पाहुण्याला सांगते. म्हणून आमच्या कुत्रीच्या पिल्लांतलं जे एक घडीभर जागेवर बसेना, त्याचं नाव मी भिंगऱ्या ठेवलं. ते नाव खरं तर माझंच होतं.

आम्ही मेंढरंवाले. पाऊसकाळ सरला की शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची; लेंडीखत रानाला, धान्य आम्हाला. सांज झाली की खुंट्या ठोकून वाघूर लावायची, म्हणजे सुताची कमरेएवढी जाळी. कळप तिच्या आत, कुत्रं बाहेर. जे कुत्रं वाघूर ओलांडतं ते आमच्यात ठेवत नाहीत. मेंढराला स्वतःची अक्कल नसते. कुत्रं आत पडलं की एक उधळतं आणि त्याच्यामागे शंभर. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी केलं.

झालं असं, की मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशातली कुणी बाई, तिचं कुत्रं आडव्या काठ्यांवरून उड्या मारतं, बोगद्यातून निघतं, खांबांमधून नागमोडी पळतं, आणि ती नुसता हात वर करून सोबत धावते. याला अ‍ॅजिलिटी म्हणतात. तो व्हिडिओ मी सतरा वेळा पाहिला. धावणाऱ्या बाईला कुणी "जरा दमानं" म्हणत नाही, हे मला जन्मात पहिल्यांदा दिसलं होतं.

वारंगा फाट्यावर नेमसिंगकाकांचं पंक्चरचं दुकान आहे. लष्करात असताना ते कुत्री शिकवायचे. भिंगऱ्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी त्याचे पाय चाचपले, दात पाहिले.

"वय किती?"

"आठ महिने."

"मंग आत्ता उडी न्हाई. हाडं कवळी हायेत. काठी जमिनीवर ठेव अन् तिच्यावरून नुसतं चालव. त्याच्याही आधी 'थांब' शिकव. महिनाभर दुसरं काही न्हाई. तो बसला, की तूबी उभी राह्य. तू हलली तर तो हलणार. कुत्रं तोंडाचं ऐकत न्हाई बेटा, पायाचं ऐकतं."

महिनाभर! मी तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी काठी एका विटेवर गेली, आठवड्यात चार विटांवर. खताची पोती शिवून मी बोगदा केला. भिंगऱ्या एका तोंडाने शिरला आणि दुसरीकडून पोतं गळ्यात घालूनच बाहेर आला. माय हसून हसून खाली बसली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नुसतं एवढं विचारलं, "काहून कुत्र्याची शेळी करून राहिली?" तिसऱ्या आठवड्यात काठी माझ्या कमरेला आली. मी धावायची, हात वर करायची, आणि तो उडायचा. चूल दिसली की चुलीवरून, हंडा दिसला की हंड्यावरून. मला इतका आनंद व्हायचा की रात्री झोप लागायची नाही.

त्या दिवशी आमची मेंढरं आखाडा बाळापूरजवळ रामप्रसाद पाटलांच्या रानात बसली होती. शेजारी त्यांचाच हरभरा, घाट्यांनी भरलेला. दिवेलागणीला वाघूर लावून झाली होती. मायनं पलीकडून हाक मारली आणि मी वाघुरीच्या कडेकडेनं पळत निघाले. पळता पळता "आले, आले" म्हणून हात वर केला.

भिंगऱ्याला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं सुरेख उडी मारली, इतकी सुरेख की क्षणभर मी खूष झाले. मग कळप फुटला. खुंट्या उपटल्या, वाघूर फाटली आणि सगळी मेंढरं हरभऱ्यात. ती गोळा करेपर्यंत त्यांनी पोटं फुगेस्तोवर खाल्लं. रात्रभर आम्ही त्यांना गोडेतेल पाजत फिरवत होतो. दोन महिन्यांची गाभण मेंढी पायाखाली आली होती. सकाळी ती गाभडली, पोटातलं कोकरू गेलं. माय तिच्याजवळ बसून राहिली. मला जवळ जायची हिंमत झाली नाही.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गुमान बाभळीचा एक ओंडका तासला, त्याला दोरी लावली आणि भिंगऱ्याच्या गळ्यात लोढणं बांधलं. पाऊल टाकलं की ते त्याच्या गुडघ्यावर आपटायचं.

"येत्या बाजाराला याला जवळा बाजारला नेतो," आबा म्हणाले. "तिथं त्या संतोष व्यापाऱ्याच्या गोदामावर साखळीला कुत्रं पायजे."

"आबा, त्याची काय चूक? शिकवलं मी!"

"मंग तुला बांधू का साखळीला?"

साखळीला! जन्मभर चार हात जागेत. मी आबांचे पाय धरले. "तो थांबायला शिकला तर?"

आबांनी पाय सोडवून घेतले. मग म्हणाले, "बाजाराच्या आदल्या सांजंला मी वाघुरीत भाकर घेऊन उभा राहीन. आत आला, की गेला."

हातात सात दिवस होते. मी "थांब" म्हणून उभी राहायची, आणि दहा मोजायच्या आत माझाच अंगठा माती उकरायला लागायचा. तो उठायचा. पुन्हा बसवायचं. अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं, पिंढऱ्या ताठायच्या, कारण नसताना रडू यायचं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले. तो लोढण्यासकट माझ्या पायाशी येऊन पडला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. नेमसिंगकाकांना फोन केला.

"कुत्रं शिकंल दोन दिवसांत," ते म्हणाले. "तुझा भरोसा न्हाई."

मी फोन आपटला. मग पुन्हा जाऊन उभी राहिले.

ती सांज आली. आबांनी स्वतःच्या हातानं लोढणं सोडलं. वाघुरीत जाऊन त्यांनी भाकर मोडली. भिंगऱ्या अलीकडे बसला, त्याच्यापासून पाच पावलांवर मी.

"थांब," मी म्हणाले.

"ये, भिंगऱ्या, ये!" आबांनी हाक मारली. आजवर त्यांनी त्याला नावानं कधी बोलावलं नव्हतं. भिंगऱ्याचं अंग थरथरायला लागलं, लाळ गळायला लागली. तेवढ्यात आबांनी काठी आपटून एक मेंढी वाघुरीच्या कडेनं पळवली, अगदी त्या दिवशी मी पळाले तशी. भिंगऱ्याचं मागचं अंग उचललं गेलं. माझ्या टाचेखाली गोखरू रुतलं होतं, आणि सगळं अंग म्हणत होतं, धाव, धर त्याला. मी पायाच्या बोटांनी माती गच्च धरली.

त्यानं भाकरीकडे पाहिलं नाही, मेंढीकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. आणि खाली बसला.

आबा बाहेर आले, भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला आणि लोढणं उचललं. मला वाटलं, पुन्हा बांधतात. त्यांनी ते चुलीजवळच्या लाकडांत फेकलं.

"कुत्र्याचं काय," ते मायला म्हणाले, "मी तर सात दिवस हिचेच पाय पाहून राहिलो व्हतो."

ते हात धुवायला गेले. मायनं तवा ठेवला. भिंगऱ्यापुढे भाकर पडली होती, तरी तो तिला तोंड लावत नव्हता.

"अगं मोहिने," माय ओरडली, "लेकरू उपाशी हाय. आता तरी हल!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी अजून उभीच होते. डोळे पुसले आणि पाय उचलला.