खोलीत दुसरं कोणी आहे का?

हिरवी अंडाकृती रेघ. तिच्या आत चेहरा बसवा, असं फोन सांगत होता आणि चेहरा काही बसत नव्हता – कपाळ आत घेतलं की हनुवटी बाहेर, हनुवटी सांभाळली की टिकली बाहेर... तूरडाळीच्या डब्याला टेकवलेला फोन पुष्पलताने आणखी थोडा मागे सरकवला. साठी उलटली, जन्मभर हाच चेहरा घेऊन हिंडतोय आपण, आणि तो मावत नाही हे आज एका बँकेने सांगावं! तिला हसू आलं, तशी रेघ लाल झाली. चेहरा स्थिर ठेवा. ठेवते बाई.

"मान जराशी वर कर," डब्याच्या पलीकडून मनोहरराव म्हणाले. तिचे यजमान सकाळपासून तिथेच होते, समोर खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर चढवून.

बँक नवीन होती. तिला शाखा नव्हती, काउंटर नव्हता, पासबुक नव्हतं; जे काय होतं ते फोनमध्ये. विक्रमने, तिच्या धाकट्या भावाने, ती सुचवली होती. गांधीबागेतलं वडिलांचं घर विकलं गेलं, आणि भाऊ जसे बहिणीकडे हक्कसोडीवर सही घ्यायला येतात तसा तो आलाच नाही. उलट फोन करून म्हणाला, ताई, तुझा हिस्सा तुझाच, फक्त खातं तुझ्या एकटीच्या नावाचं उघड, भाऊजींसोबतचं नको. हे शेवटचं तिने मनोहररावांना सांगितलं नव्हतं. सांगितलं एवढंच की या बँकेत जोडखातं होतच नाही. तेही खरंच होतं. त्यावर मनोहररावांनी जरा विचार केला होता आणि म्हणाले होते, "चालते. नाव तुझं राहू दे, पाहतो मीच." त्या पैशांतून घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली काढायची, हेही त्याच चहात ठरून गेलं.

त्यात वाईट काय होतं? वाईट काहीच नव्हतं. या माणसाने कधी आवाज चढवला नाही, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यापेक्षा त्यालाच पाठ, हिंगण्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसात नोकरी केली ती एकही दिवस लेटमार्क न घेता – आणि बँकेत जायचं तर स्लिप तो भरायचा, जिथे त्याचं बोट तिथे ती सही करायची, आणि डॉक्टरकडे गेलं तर तिच्या आधी तोच सांगायचा, हिचा डावा गुडघा दुखते साहेब, आणि ती मान हलवायची... उजवा दुखत असतानासुद्धा. घरी येऊन डाव्या गुडघ्याला मलम लावायची. मग दोन्हींना लावायची.

फोनवर एक मुलगी आली. कानाला हेडफोन, गळ्यात ओळखपत्र, मागे निळी भिंत.

"नमस्कार मॅडम. तुमची जन्मतारीख सांगाल?"

पुष्पलताने तोंड उघडलं आणि तिचे डोळे आपसूक डब्याच्या वरून पलीकडे गेले. मनोहररावांनी तारीख सांगितली. खणखणीत, सालासकट.

"मॅडम, खोलीत दुसरं कोणी आहे का?"

"हे आहेत ना, आमचे," ती म्हणाली. घरात नवरा असणं हा काही लपवायचा विषय आहे, असं तिच्या मनातही आलं नाही.

"ग्राहक एकटेच लागतात, मॅडम. उत्तरं दुसऱ्याने दिली तर मला कॉल रद्द करावा लागतो. तुम्ही थोड्या वेळाने परत लावा." आणि मुलगी गेली.

"म्हंजे? मी काय चोर आहो का?" मनोहरराव उभेच राहिले. "नवऱ्याले खोलीबाहेर काढून राहिली बँक!"

"तिचा नियम असंन. जा ना तुम्ही जरा पडवीत."

"अन् तुले काही विचारलं तर?"

"येत असंन ते सांगीन."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातात धरून ठेवलेली तिची आधार-पॅनची कार्डं टेबलावर ठेवली आणि गेले. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं. कडी मात्र लागू दिली नाही, बोटभर फट ठेवली. ती फट पाहून तिला वाईट वाटलं. आणि उठून आपण ती बंद केली, याचं त्याहून जास्त आश्चर्य.

पुन्हा तीच मुलगी. मागे फार आवाज येतोय म्हणाली, म्हणून कूलर बंद करावा लागला – नागपूरचा मे महिना, दुपार चढत आलेली, आणि कूलर बंद. खोली एकदम मोठी झाली. टाकीत पाणी ठिबकत होतं. बाहेर पडवीत मनोहररावांच्या चपला या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होत्या आणि परत येत होत्या. जन्मतारीख तिने सांगितली. पत्ता सांगितला. कार्ड धरून दाखवलं, डोळे मिटून उघडले. घाम मानेवरून पाठीत उतरला तरी पदराने पुसायला हात हलवावा की नाही, कळेना.

"हे खातं तुम्ही स्वतःच्या मर्जीने उघडताय का?"

मुलीने ते समोरचं वाचूनच विचारलं असणार. दिवसभर विचारत असेल, ज्याला त्याला. पण पुष्पलताची नजर डब्याच्या पलीकडे गेली आणि तिथे खुर्ची रिकामी होती...

बाबांचं कापडाचं दुकान घराच्या खालीच होतं. गिऱ्हाईक बाई आली की बाबा ताग्यांवर तागे उलगडायचे, सगळी गादी रंगांनी भरून जायची, बाई नाक मुरडायची, बाबा पुन्हा उठायचे – हे पाहा, नाही? मग हे? मनापासून आवडलं तरच घ्या वहिनी, पसंती तुमची. कुठली कोण वहिनी, दमडीची खरेदी न करता निघून गेली तरी बाबांचा आवाज तसाच गोड. आणि वर, माजघरात, मनोहररावांकडची मंडळी आली होती तेव्हा त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याने म्हटलं, मुलीला विचारा हो एकदा. तर बाबा, तेच बाबा, हसून म्हणाले, तिला काय विचारायचं, ती आमच्या शब्दाबाहेर नाही. अभिमानाने म्हणाले. आणि मी हातात पोह्यांचा ट्रे धरून उभी, मलाही अभिमानच वाटला – आहेच मी तशी! नाही म्हटलं असतं असं नाही. हाच माणूस केला असता मी, बहुतेक. पण विचारल्यावर केला असता. राग आला मला बाबांचा. ते जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, कूलर बंद असलेल्या खोलीत, असा राग आला की कानशिलं तापली.

"मॅडम? माझा आवाज येतोय ना?"

"हो."

"पूर्ण वाक्यात सांगाल का? रेकॉर्ड होतं."

"हे खातं," पुष्पलता म्हणाली, "मी माझ्या मर्जीने उघडते आहे." जरा मोठ्यानेच बोललं गेलं. पडवीतल्या चपला थांबल्या.

मुलीने अभिनंदन केलं. आता पिन ठेवा म्हणाली, आणि तो कोणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही. त्यांच्याकडे सगळ्यालाच मनोहररावांच्या जुन्या स्कूटरचा नंबर असायचा – सुटकेसला, एटीएमला, बॅगेच्या कुलपाला. स्कूटर विकूनही जमाना झाला. तिचं बोट सवयीने त्यातल्या पहिल्या आकड्यावर गेलं, तिथे थांबलं, आणि मग तिने वेगळेच आकडे दाबले. कोणते, ते मी सांगणार नाही.

मनोहरराव आत आले, आल्या आल्या त्यांनी कूलर लावला, खुर्चीत बसले आणि फोन हातात घेतला. त्यांनी स्कूटरचा नंबर टाकला. चुकीचा पिन. चष्मा पुसून पुन्हा टाकला, एकेक आकडा तोंडाने म्हणत. चुकीचा पिन. आता एकच संधी उरली आहे, असं फोनने बजावलं.

"आपला नाही टाकला काय?"

"नाही."

आता ते चिडतील, असं तिला वाटलं, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या मनोहररावांना काय सांगायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण त्यांनी फोन टेबलावर ठेवला, तिच्याकडे नाही, स्वतःकडे नाही, मधोमध.

"मले सांगशीन का नाही?"

ते खरोखरच विचारत होते. विचारून थांबले होते, आणि उत्तर काय येणार हे त्यांना माहीत नव्हतं. या माणसाचा असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. तिला त्यांची दया आली, मायाही आली, आणि तरीही ते आकडे काही ओठांवर येईनात. कोणी विचारलं की मोकळं वाटेल, अशी आपली समजूत होती... हे तर भलतंच जड निघालं. हो म्हणायचं तरी आपणच, नाही म्हणायचं तरी आपणच, आणि दोन्हींनंतर याच घरात राहायचं. मनोहरराव तिच्या तोंडाकडे पाहत बसले होते, आणि खोलीत तिला सुचवणारं कोणीही नव्हतं.