धारोष्ण

पवळी दसऱ्याच्या आठ दिवस आधी गाभडली. सातव्या महिन्यातलं वासरू, अंगावर धड केसही आले नव्हते. वार आत अडकली, तेव्हा भागीरथेनं हाताला तेल लावून ती ओढून काढली. तिच्या नवऱ्यानं, तानबानं, वासरू उकिरड्यामागं पुरलं आणि म्हणाला, "बैलानं पोटात मारलं असंल."

वडनेरात नवराबायको दोघंच राहत. पाच एकर वावर आणि ही एक गवळाऊ गाय. थोड्या दिवसांनी पवळी दुधावर आली, तसं गाभडल्याचं दुःख मागं पडलं. दोन शेर दूध निघायचं. शेरभर शेजारच्या कौशल्याबाईकडे जायचं, शेरभर घरात राहायचं.

दिवाळीला त्यांची एकुलती लेक रुखमा माहेरी आली. तिला जाम गावात दिली होती. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेले होते. पाचवा महिना, पण गालफडं बसलेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. भागीरथेनं जावयाला सांगून टाकलं, "आता बाळंतपन होऊनच येईल ते."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे लेकीला गोठ्यातच बोलवायची. पितळेच्या गडव्यात धार काढायची आणि फेस बसायच्या आत तिच्या हातात द्यायची.

"माय, मले वास येते वं. तापवून दे न."

"तापवलं का त्यातला कस जाते. धारेचं गरम दूध अमृत असते. पे मुकाट्यानं."

रुखमा नाक दाबून प्यायची. महिनाभरात गाल थोडे भरले. भागीरथा येणाऱ्याजाणाऱ्याला लेक दाखवायची.

मार्गशीर्षात ताप सुरू झाला. सकाळी रुखमा चांगली असायची, दळण टाकायची, बोलायची. दिवस कलला की अंग तापायचं, मग घामानं वाकळ भिजायची. कंबर आणि गुडघे इतके दुखायचे की उठताना भिंत धरावी लागे. आठ दिवस ताप जायचा, पुन्हा यायचा. गावातल्या वैद्यानं हिवताप म्हणून काढा दिला. भागीरथेनं दृष्ट काढली आणि दूध वाढवलं. आता संध्याकाळचीही धार रुखमाच्या पोटात जाऊ लागली.

पौषात, सातवा लागला तेव्हा एका दुपारी रुखमाच्या पोटात कळा आल्या. सुईण येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मूल रडलं नाही. भागीरथेनं ते जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि तानबाच्या हातात दिलं. रुखमानं मान भिंतीकडं वळवली होती.

पंधरा दिवसांनी जावई येऊन तिला घेऊन गेला. तो वाईट बोलला नाही, पण जेवलाही नाही. मग बाजारात गेलेला तानबा बातमी घेऊन आला. रुखमाची सासू सखूबाई म्हणते, या पोरीचं पोटच खोटं आहे. लेकासाठी दुसरी पाहून राह्यली.

माघात गावात ढोरांचा सरकारी डॉक्टर आला. मोतीलाल त्याचं नाव. ढोरांना बुळकांडी रोगाची लस टोचता टोचता तो प्रत्येकाला विचारत होता, यंदा कुणाच्या गाई गाभडल्या का? चार घरांतून हो आलं. त्यानं त्या चारही गाईंचं रक्त काचेच्या नळ्यांत घेतलं आणि नागपूरला पाठवलं. तीन आठवड्यांनी तो परत आला आणि तानबाच्या अंगणात बाजेवर बसला.

"तुमच्या गाईले गाभ पाडनारा रोग आहे जी. बारीक जंतू असतात, डोळ्याले दिसत नाईत. दुधातून येतात. ह्या गाईचं दूध कोन पेते?"

तानबा म्हणाला, "घरचेच. अन् शेजारी."

"उकळून पेता न? उकळी फुटली का जंतू मरतात. कच्चं पेलं तं मानसाले ताप धरते. येते, जाते, सांधे धरते. वर्ध्याच्या दवाखान्यात सुया देतात त्याच्यावर. गरवार बाई असली तं पोटही पडते कधी."

मोतीलालनं पुढं सांगितलं ते भागीरथेनं ऐकलं की नाही, कोण जाणे: गाय वेगळी बांधा, विकू नका, हात धुवा. तो गेल्यावर ती थेट कौशल्याबाईकडे गेली. कौशल्याबाईची सूनही गरवार होती, आठवा चालू होता.

"कौशल्याबाई, सुनेले ताप तं नाई आला? माह्या घरचं दूध नका देऊ तिले. रोगी आहे ते."

"ताप कायचा? टनटनीत आहे ते," कौशल्याबाई म्हणाली. "आमी तं दूध आलं का दोन उकळ्या काढतो. बाहेरचं दूध, कोन कच्चं पेते?"

भागीरथा दारातच उभी राहिली. शेजारणीच्या सुनेला एकही दिवस ताप आला नव्हता.

घरी तानबा म्हणाला, "कोनाले काई सांगू नको. हिंगनघाटच्या बाजारात गाय इकून टाकतो."

"इकता? दुसऱ्याच्या पोरीले पाजाले?"

"मंग जामले काय सांगशीन? माहेरानंच मारलं म्हनून?"

"तेच सांगीन."

तानबानं गाय विकली नाही, वेगळी बांधली. भागीरथेला अडवलं नाही, सोबतही आला नाही. चैत्रात ती एकटी जामला गेली. सखूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. भागीरथा उभ्यानंच बोलली. गाय, रोग, कच्चं दूध, डॉक्टर, सगळं.

"पोरीच्या पोटात दोष नाई, ईहीनबाई. म्या पाजलं तिले. माह्या हातानं."

सखूबाईचे हात थांबले. मग ती म्हणाली, "अजून ताप येते तिले. औषध आहे का याच्यावर?"

"डॉक्टर म्हनत होता, वर्ध्याच्या दवाखान्यात सुया देतात."

"नेतो आमी. पन आता ते माहेरी येनार नाई. कधीच."

भागीरथेनं मान डोलावली. रुखमा आतल्या दारात उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. ती पुढं आली, आईच्या पाया पडली नाही, जवळही बसली नाही.

"काय होतं माय? पोरगा का पोरगी? मले कोनी सांगतलंच नाई."

"पोरगा."

"कोनासारका होता?"

भागीरथेला खोटं सांगता आलं असतं. "म्या तोंड पाह्यलं नाई बाई," ती म्हणाली. "मले धीर नाई झाला."

रुखमा आत गेली. भागीरथा पाणी न पिता बाहेर पडली. कुणी तिला थांब म्हणालं नाही.

वर्ध्याला महिनाभर सुया घेतल्यावर रुखमाचा ताप गेला. कंबर मात्र दुखतच राहिली. दुसरी सून आणायची गोष्ट सखूबाईनं पुन्हा काढली नाही. तीन वर्षांनी रुखमाला मुलगी झाली. बाळंतपण जामलाच झालं. बारसं होऊन गेल्यावर जावयानं बाजारात तानबाला सांगितलं, आणि तानबानं घरी येऊन बायकोला. ती तेव्हा ज्वारी पाखडत होती. "दोघी बऱ्या आहेत न?" एवढंच तिनं विचारलं.