वेगवेगळ्या वाट्या

"बघा मावशी, कसा भिंगरीसारखा फिरतोय! याला काय धाड भरलीय?" तिने दुकानात परत आणलेला मिक्सर सेल्समनने रिकामाच सुरू करून दाखवला.

"रिकामा फिरतोच हो. पोटात काही घातलं की रुसतो," शिवणकाम करून घर चालवणारी ती बाई म्हणाली. हे असंच होणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिने घरून डबा आणला होता. काउंटरवर तिने एकेक झाकण उघडलं. भाजी, डाळ, मऊ भात. आधी भाजी वाटली. बाटलीतल्या पाण्याने भांडं विसळलं, मग डाळ. पुन्हा विसळलं. भाताच्या वेळी मिक्सर कण्हला, जळका वास सुटला आणि तो गप्प झाला.

"आता बोला," ती म्हणाली.

दोनचार गिऱ्हाइकं वळून बघू लागली, तसे गल्ल्यावरचे मालक उठून आले.

"एका जेवणाला तीन तीन वेळा? मोटर तापणार नाही तर काय होईल? सगळं एकत्र टाका, एकदा फिरवा, झालं. की खाणावळ चालवता? धंद्याला वापरलेला मिक्सर आम्ही बदलून देत नाही."

"खाणावळ कसली! एकाच माणसाचं जेवण."

"मग ठेवून जा. मेकॅनिक येऊन बघेल. आठ-दहा दिवस लागतील."

आठ-दहा दिवस! काल संध्याकाळी तिने भात हाताने कुस्करला होता, चाळणीतून गाळला होता. तरी एक शीत नवऱ्याच्या घशात अडकलं आणि तो काळानिळा होईपर्यंत खोकला. सकाळपासून त्याच्या पोटात नुसतं दूध.

एकत्र वाटणं तिला काय येत नव्हतं? इस्पितळातून आणल्यावर पहिल्या दिवशी तसंच वाटून दिलं होतं. त्या राखाडी गोळ्याकडे तो बघत राहिला. जन्मभर बसमध्ये उभं राहून थांब्यांची नावं पुकारलेला कंडक्टर तो. घशाच्या ऑपरेशननंतर त्याच्या आवाजाची नुसती फुंकर उरली होती. त्या फुंकरीतून तो म्हणाला, "हे जेवण नाही गं, खरकटं आहे." त्या दिवसापासून भाजीची वाटी वेगळी, डाळीची वेगळी, भाताची वेगळी.

हे सगळं तिला मालकांना सांगता आलं असतं. पण मागे डेपोतली माणसं भेटायला आली, तेव्हा त्याच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं लाडेलाडे बोलली. ती माणसं गेल्यावर तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आज ती निघताना त्याने बोट उगारून बजावलं होतं, "दुकानात माझं रडगाणं गायचं नाही."

"एवढं बारीक खातं कोण?" मालकांनी विचारलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मालकांनीच पुढे विचारलं, "लहान बाळ आहे का घरात?"

"हो."

"नातवंड?"

"नात." ज्या घरात कधी पाळणाच हलला नव्हता, त्या घरात तिने एका शब्दात नात आणली. "दात नाहीत अजून."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" मालकांचा चेहरा पार निवळला. "आमच्याकडेही आहे एक भवानी. एका घासासाठी अख्खं घर नाचवते. अरे, वरचा नवा मिक्सर काढ, मावशींना बदलून दे. वेगवेगळं वाटून घालतात नातीला! भाग्याची हो पोर."

सेल्समनने नवा मिक्सर खोक्यात नीट बसवून दिला. मालक दारापर्यंत आले.

"कंटाळू नका मावशी. थोडेच दिवस. मग कुठला मिक्सर नि कुठलं काय!"

डॉक्टरही असंच म्हणाले होते. थोडेच दिवस. फक्त ते हसले नव्हते.

"हो," ती म्हणाली, "थोडेच दिवस."

घरी तो खिडकीशी बसला होता. "दिला?"

"न देऊन सांगतो कुणाला!"

"काय सांगितलंस?"

"भांडले चांगली."

"शाब्बास." त्याच्या ओठांची एक कड हलली.

नवा मिक्सर कण्हला नाही, तापला नाही. तिने ताज्या अन्नाच्या तीन वाट्या त्याच्यापुढे मांडल्या. त्याने भाजीचे दोन चमचे घेतले. मग डाळीचा एक. डोळे मिटून तो तोंडातल्या तोंडात चव शोधत राहिला.

"लसूण," तो कुजबुजला.

"घातलाय जरा. भात घ्या ना."

त्याने भाताच्या वाटीवर तळहात ठेवला.

"एक चमचा. माझ्यासाठी."

"छान झालंय," तो म्हणाला. "तू जेव."

भिंतीला डोकं टेकलं आणि बघता बघता त्याचा डोळा लागला. वाटीवरचा हात तिने हलकेच उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. मग तिथेच मांडी घालून बसली आणि त्या वाट्या पुढे ओढल्या. एक चमचा भाजीचा, एक डाळीचा, एक भाताचा, कशात काही मिसळू न देता. चावण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी प्रत्येक घास ती सावकाश चावत राहिली.