काळं पडलेलं पाणी

ग्लासातलं पाणी आधी पिवळसर झालं, मग हिरवट, आणि बघता बघता गाळानं भरून काळं पडलं. हॉलमधली शंभरेक माणसं खुर्च्यांवरून अर्धवट उठली. शेजारच्या दुसऱ्या ग्लासातलं पाणी मात्र जसंच्या तसं नितळ होतं. दोन्ही ग्लासांत सारख्याच लोखंडी कांड्या बुडवलेल्या, वायर एकच, बटणही एकच.

“डावीकडचं तुमच्या नळाचं,” कॉलरला माइक लावलेले जलयोगी मयुरेशजी म्हणाले. “उजवीकडचं आमचं संजीवन जल. मी काही बोलणार नाही. पाणीच बोलेल.”

आणि मग ते चाळीस मिनिटं बोलले. पाण्याला स्मृती असते, नळाच्या पाण्याची स्मृती दूषित असते, तेच काळं विष मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं. त्यावर उपाय एकच, संजीवन जल देणारं, सात नद्यांच्या खड्यांनी संस्कारित केलेलं निळं नळकांडं. ते नळाला बसवलं की विष निघू लागतं, आणि विष निघालं की रक्तदाबाच्या गोळ्या आपोआप सुटतात. विज्ञान हा शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की तो त्यांचा गुरुमंत्र असावा.

गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीत पाण्याचं दुखणं जुनं होतं. नळांवर पांढरे थर चढायचे, साबणाला फेस यायचा नाही, तुरीची डाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही दाणेदार राहायची. त्यामुळे लोकांना पटायला वेळ लागला नाही. नळकांड्यासाठी नावं नोंदवायला टेबलापाशी रांग लागली.

दारापाशी शेवटच्या रांगेत इंदिरा गायधनी बसल्या होत्या. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कांड्या पाहिल्या तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. तरी त्या उठल्या नाहीत. मागे याच सोसायटीत कावीळ उतरवणारा एक माणूस यायचा. स्वतःच्या हाताला आधी गुपचूप आंब्याच्या सालीचा रस चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत रुग्णाचे हात धुतले की निवळी पिवळी व्हायची. इंदिराबाईंनी ते सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या महिन्यात कावीळ उतरवायला दुसऱ्याकडे गेले. तेव्हापासून त्यांचा बोलण्यातला उत्साहच गेला होता. किती वेळा तेच सांगायचं?

पहिल्या रांगेत त्यांचा थोरला भाऊ वेणीमाधव बसला होता. पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करण्यात त्याचा जन्म गेला. त्या रविवारी इंदिराबाईंनीच त्याला जेवायला बोलावलं होतं, आणि खाली गर्दी दिसली म्हणून तो सहज हॉलमध्ये शिरला होता. माणूस भोळा नव्हता. अंगात येणाऱ्यांना तो स्वतः हसायचा. पण जेवताना म्हणाला, “हे मंत्रतंत्र नाही, इंदू. यात वायर आहे, बटण आहे. मी डोळ्यांनी पाहिलं.”

“दादा, ते खोटं आहे,” एवढंच त्या म्हणाल्या.

तुला सगळंच खोटं वाटतं, असं तो हसून म्हणाला. त्यांनी त्याला आणखी वरण वाढलं आणि विषय तिथंच सोडून दिला.

चार आठवड्यांनी वेणीमाधवच्या सुनेचा, स्वरदाचा फोन आला. बाबांना पंचवटीच्या भाजीबाजारात भोवळ आली, एका रिक्षावाल्यानं दवाखान्यात पोहोचवलं. रक्तदाब दोनशेच्या वर गेला होता. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारलं तेव्हा त्यानं मान फिरवली. स्वरदानं घरी जाऊन कपाट उघडलं, तर महिनाभराच्या गोळ्या पाकिटात जशाच्या तशा होत्या. त्या रविवारी नाव नोंदवून घेतलेल्या निळ्या नळकांड्याचं पाणी तो रोज सकाळी तांब्याभर पीत होता आणि विष निघायची वाट बघत होता.

इंदिराबाई पोहोचल्या तेव्हा त्याला शुद्ध होती, धोका टळला होता, पण उजवा हात जड पडला होता. त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि कांड्यांचा प्रकार त्याला समजावून सांगितला. पाच मिनिटंही लागली नाहीत. तो सगळं ऐकत राहिला. मग हळू म्हणाला, “तुला तिथंच कळलं होतं?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“मग उठली का नाहीस, इंदू?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी कंटाळले होते, हे उत्तर भावाच्या जड हाताकडे बघत देता येईना. त्या त्याचा हात चोळत बसून राहिल्या.

पुढच्या रविवारी जलयोगी सोसायटीत पुन्हा आले. इंदिराबाई या वेळी पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर मिठाची डबी. पहिल्या दिवसासारखाच नळाच्या पाण्याचा ग्लास काळा झाला, संजीवन जलाचा नितळ राहिला. बोलणं सुरू होणार एवढ्यात त्या उठल्या. मला प्रयोग माझ्या हातानं करू द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

“माताजी, परक्या हाताच्या स्पर्शानं जलाची ऊर्जा भंगते,” जलयोगी म्हणाले.

“मी पाण्याला हात लावत नाही. तुमच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकते. तुम्हीही आमटीत खाता तेच.”

जलयोगींनी घड्याळ पाहिलं आणि आज वेळ कमी असल्याचं सांगितलं. पण सोसायटीचा सचिव हर्षल पुढे आला. त्याला मजा वाटत होती, की खरंच शंका आली होती, कोण जाणे. त्यानं संजीवन जलाचा नवा ग्लास भरला. इंदिराबाईंनी मीठ टाकून ढवळलं, कांड्या सोडल्या, बटण दाबलं.

नळाच्या पाण्याला मिनिट लागलं होतं. संजीवन जल त्याआधीच पिवळं पडलं, हिरवं झालं, गढूळलं आणि काळं झालं.

इंदिराबाईंनी बटण बंद केलं, प्लग काढला आणि कांड्या पुसून समोर धरल्या. कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. “हे काळं पाण्यातून निघालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ही कांडी विरघळते आहे. हा लोखंडाचा गंज आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि कांडी झिजते. यांनी सोबत आणलेल्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले आहेत. त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते नितळ राहतं. स्मृती नाही, विष नाही, काही नाही.”

नळकांड्यात काय असतं, असं हर्षलनं विचारलं. जलयोगींनी ते उघडू दिलं नाही. हर्षलनं सोसायटीतलंच एक बसवलेलं आणून उघडलं, तर आत गुळगुळीत गोटे निघाले, आणि त्यातून काढलेलं नळाचं पाणी त्याच यंत्रात नळाच्या पाण्याइतकंच काळं झालं. तोवर जलयोगी यंत्र तिथंच टाकून फाटकाबाहेर गेले होते.

तेजस्विनी नावाची एक तरुण बाई काकुळतीला येऊन म्हणाली, “मग माझ्या नळावरचं ते पांढरं काय आहे? मी बाळाला हेच पाणी देते.”

इंदिराबाईंनी तिला शेजारी बसवलं. ते बोअरच्या जड पाण्याचे क्षार आहेत, डाळ आणि साबण बिघडवतात, पण ते विष नव्हे. ज्यानं बाळ आजारी पडतं ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो आणि टाकी धुवावी लागते. तोवर बाळाला पाणी उकळून दे. टाकी शेवटची कधी धुतली होती, हे त्यांनी हर्षलला विचारलं. त्याला आठवेना.

नमुना त्यांनी स्वतः नेऊन दिला. अहवालात पाणी जड निघालं, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. पण टाकीच्या पाण्यात जंतूही निघाले. लोक काळ्या ग्लासाकडे टक लावून बसले होते, तेव्हा खरं विष त्यांच्या डोक्यावर, गच्चीवरच्या टाकीत, अगदी नितळ दिसणाऱ्या पाण्यात होतं. टाकी धुण्याबाबतच्या सभेला अकरा माणसं आली. त्यातल्या दोघांना अजूनही वाटत होतं की जलयोगींचं काहीतरी खरं असेल, एवढी माणसं उगाच त्यांच्याकडे कशी जातील?

इंदिराबाईंनी त्या दोघांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं. टाकी धुऊन झाली. वेणीमाधवचा हात बराच सुधारला आहे, पण विधी करताना पळीतलं पाणी अजून हिंदकळतं, आणि ते पाहिलं की इंदिराबाई नजर वळवतात.

वायर, बटण आणि विज्ञान हा शब्द असला म्हणजे ते विज्ञान होत नाही. जो प्रयोग तुम्हाला तुमच्या हातानं, तुमच्या ग्लासात, तुमच्या अटीवर करू दिला जात नाही, तो प्रयोग नव्हे, खेळ आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि ज्याला खेळ कळला आहे, त्यानं कितीही थकवा आला तरी उठून सांगावं. ऐकणारा एकच असेल, पण तो कुणाचा तरी भाऊ असतो.