दुकानाच्या पायऱ्यांवरची फळी

मी एक जुनी फळी आहे. एका दुकानाच्या पायऱ्यांवर मी तिरपी पडलेली असते. माझे एक टोक रस्त्यावर आणि दुसरे उंबऱ्याला. मित्रांनो, तुम्ही पायऱ्यांवरून धडाधड वर जाता, म्हणून तुमचे माझ्याकडे लक्ष गेले नसेल. पण ज्यांना पायरी चढता येत नाही, त्यांच्यासाठी दुकानाचे दार मीच आहे. गंमत म्हणजे पूर्वी मी खरोखरच दार होते.

कपाटाचे दार. एका गिऱ्हाइकाने दोन दारांचे कपाट दुरुस्तीला टाकले आणि पुन्हा तोंड दाखवले नाही. हे दुकान जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचे आणि विक्रीचे. मालक सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. पॉलिशच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "लाकडात तोंड दिसलं पाहिजे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यांच्या पत्नी वेताच्या खुर्च्या विणत. त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणायची. "अहो, तोंड बघायला घरात आरसा आहे की," असे म्हणून त्या विणत राहायच्या.

मग वहिनींच्या पायांतले बळ गेले. आधी काठी आली, नंतर चाकांची खुर्ची. घरी बसून राहणे त्यांना जमेना. म्हणून रोज सकाळी मिस्त्री आणि वहिनींचा धाकटा भाऊ त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणू लागले. हा भाऊ दुकानाचा टेम्पो चालवायचा.

"मागून धर! अरे, डावीकडून उचल!" मिस्त्री ओरडायचे. येणारेजाणारे उभे राहून बघायचे.

एके दिवशी वहिनी चिडल्या. "मी काय कपाट आहे का हो? कपाट चढवताना निदान एवढा आरडाओरडा तरी नसतो."

"कपाट उलटून बोलत नाही ना, ताई," भाऊ म्हणाला.

वहिनी हसल्या नाहीत. "उद्यापासून मी येणार नाही," एवढेच म्हणाल्या.

त्याच दुपारी मिस्त्रींनी मला आणि माझ्या जोडीच्या दाराला कपाटापासून सोडवले. लोखंडी पट्ट्या ठोकून आम्हा दोघींना एका लांब अंगात जोडले. खालून आधार दिले. इथे थांबले असते तर बरे झाले असते. पण हाताची सवय वाईट! त्यांनी मला पॉलिश केले, आणि तेही एकावर एक हात देऊन. मी अशी चमकले की मलाही जरा गर्व झाला.

सकाळी वहिनींची खुर्ची अर्ध्यावर आली आणि सटकन मागे घसरली. मिस्त्री पाठीशी होते म्हणून थोडक्यात निभावले. त्यांचे कोपर सोलवटले.

कुणाला फार लागले नाही हे बघून मग वहिनी बोलल्या, "अहो, उताराला कुणी पॉलिश करतं का? लोकांनी वर यायचंय, की घसरगुंडी खेळायची?"

"मग काय, खरवडू?" मिस्त्रींनी विचारले. कुणी त्यांना स्वतःचा कान कापायला सांगितला असावा, असा त्यांचा चेहरा झाला होता.

शेवटी वहिनींनीच मला समोर टेकवून घेतले. खरखरीत कागदाने घासून घासून माझी सगळी चमक उतरवली. मग हाताने सरस फासला आणि त्यावर जाड वाळू पेरली. मला फार वाईट वाटले. पण दुसऱ्या दिवशी त्यांची चाके माझ्यावर घट्ट बसली. कुणाचा हात न लागता त्या वर आल्या. वर आल्यावर खुर्ची वळवून बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या.

मग इतरही येऊ लागले. बाबागाडी ढकलणारी आई आली, गुडघे धरून चालणारे आजोबा आले. वहिनींना आता दुकानात खोटच खोट दिसू लागली. त्यांनी वाटेतले खुर्च्यांचे ढीग हलवायला लावले, गिऱ्हाइकाशी बोलायचे उंच टेबल कापून ठेंगणे करायला लावले. एका गिऱ्हाइकाला ऐकू येत नसे, ओठांवरून समजत असे, आणि मिस्त्री तर तोंडात खिळे धरून बोलायचे. "आधी खिळे काढा, मग भाव सांगा," वहिनी दटावायच्या.

आणि मग वहिनी गेल्या.

दुकान काही दिवस बंद राहिले. उघडले तेव्हा मिस्त्रींनी मला पायऱ्यांवर टाकले नाही. मागच्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून उभे केले. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हते. दिसत काही नसे, पण ऐकू सगळे यायचे. रस्त्यावर चाक वाजले की वाटायचे, आता मला नेतील. बाबागाडीवाली आई खालून हाका मारायची. मिस्त्री उतरून तिच्याशी तिथेच बोलायचे.

"फळी कुठे गेली, मिस्त्री?"

"दुरुस्तीला काढलीय."

कसली दुरुस्ती? त्यांनी मला बोटसुद्धा लावले नव्हते.

एका दुपारी मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या एक बाई आल्या. त्या चाकांच्या खुर्चीतून एकट्याच आल्या होत्या. "टेबल हवंय," त्या खालून म्हणाल्या. "माझी खुर्ची त्याच्याखाली शिरते का, ते बसून बघायला हवं."

"मी खाली आणून दाखवतो की."

"रस्त्यावर? आणि मी भाजीसारखी टेबलं निवडत बसू?"

"मग आम्ही दोघं तुम्हाला उचलून..."

"नको. उचललेलं मला चालत नाही."

त्यांची चाके वळली आणि कोपऱ्याच्या दिशेने निघाली. मला वाटले, धाडकन पडावे, आवाज करावा, मी इथे आहे हे सांगावे. पण फळीला ते कुठले जमायला!

टेम्पोतून माल उतरवणाऱ्या भावाने सगळे ऐकले होते. तो तडक आत आला. "भाऊजी, रस्त्यावर दुकान मांडा, असं ताई सांगून गेली का?"

मिस्त्रींनी तोंडातले खिळे हातावर घेतल्याचा आवाज आला. "तिच्या हातची आहे ती फळी. तिच्यावरून लोकांनी चाकं फिरवायची? झिजून जाईल. तेवढीच राहिलीय माझ्याकडे."

"चाकं फळीवरून जातात, भाऊजी. ताईवरून नाही." भाऊ म्हणाला. "आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलीत. तुम्हाला तरी दिसते का?"

मिस्त्री उठले. मागच्या खोलीत आले आणि त्यांनी मला वळवले. सरसात वहिनींच्या बोटांच्या रेघा उमटल्या होत्या. त्यांवरून ते हात फिरवत राहिले. मग एकदम ओरडले, "अरे, बघत काय बसलास? बाईंना थांबव आधी!"

भाऊ पळत सुटला. मिस्त्रींनी मला एकट्याने ओढत बाहेर आणले.

बाई परत आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही होती, तर मघाशी का नाही टाकलीत?"

"चुकलं," मिस्त्री म्हणाले.

बाई चढू लागल्या. अर्ध्यावर त्यांना दम लागला. मिस्त्रींनी झटकन हात पुढे केला.

"हात नको. थांबा तिथेच."

मिस्त्री थांबले. चाके पुन्हा हलली, तशी माझ्या अंगावरची थोडी वाळू सुटून रस्त्यावर सांडली. मला ते जाणवले आणि मिस्त्रींनाही दिसले. त्यांचे ओठ हलले, पण त्यांनी बाईंना थांबवले नाही.

"कुठंय टेबल?" वर पोहोचून बाईंनी विचारले.

संध्याकाळी मिस्त्रींनी मला स्क्रू मारून पायऱ्यांना पक्के केले. वाळू सुटली होती तिथे स्वतःच्या हाताने सरस लावून नवी वाळू पेरली. वहिनींच्या रेघांवर आता त्यांच्याही रेघा आहेत. दोन्ही झिजत आहेत.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुकही नको. फक्त माझ्या पायथ्याशी तुमची सायकल किंवा गाडी लावू नका. "दोनच मिनिटं" असे म्हणूनही लावू नका. तेवढ्यात कुणीतरी येते, वाट अडलेली बघते आणि न बोलता परत फिरते. त्या चाकांचा आवाज मी कोपऱ्यापर्यंत ऐकते, आणि मला जागचे हलता येत नाही.