तुलनेतली बाई

शालिकरामने सवयीने बाही वर केली. आज रक्त द्यायचं नव्हतं, वर्षभराच्या तपासणीचे आकडे फक्त ऐकायचे होते. तरी दंड त्याने डॉक्टर नंदिनींपुढे ठेवलाच. शेजारी त्याची बायको शामला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"मेंदूला पोसणारं प्रथिन छान वाढलंय," नंदिनी म्हणाल्या. "जनुकांवरच्या खुणांवरून काढलेलं शरीराचं वयही तीन वर्षांनी उतरलंय. धावणं मानवलं तुम्हाला."

"एक दिवस नागा नाही, मॅडम. मे महिन्यातबी नाही." गडी फुलून गेला होता.

"अन् माह्यं?" शामलाने विचारलं.

तिच्या आईने शेवटची तीन वर्षं पोटच्या मुलीलाही ओळखलं नव्हतं. त्या धास्तीनेच तिने धावण्याने स्मरण टिकतं का हे तपासणाऱ्या या अभ्यासात दोघांची नावं घातली. गट चिठ्ठ्या टाकून ठरले; तो धावणाऱ्यांत निघाला, ती न धावणाऱ्यांच्या, तुलनेच्या गटात.

"प्रथिन घटलंय. वर्ष एक गेलं, वय तीनने वाढलंय. एकट्याच्या आकड्यावरून काही ठरत नसतं, पण..." नंदिनींनी कागद उलटला. "तुम्ही आधी रोज सकाळी तलावावर चालायला जायचात ना?"

"बंद केलं." तिने नवऱ्याकडे मान केली. "यायनं सांगितलं, तुलनेवाल्यायनं बसून राहावं लागते."

शालिकराम सावरून बसला. जन्मभर शाळेत परीक्षेचा पहारा केलेला माणूस. नियम म्हटला की त्याला चेव यायचा. वर्षभर भाजीलाही त्याने तिला स्कूटरवर नेलं होतं.

"हिच्यानं तुमचा अभ्यास बिघडला असता, मॅडम. एक पाऊल चालू देल्लं नाही मी."

"काका, त्या गटाने आधीसारखंच वागायचं होतं," नंदिनी हळूच म्हणाल्या. "चालणं सोडायचं नव्हतं."

शालिकरामने बाही खाली केली. गुंडी लावायला त्याला बराच वेळ लागला.

बाहेर येऊन त्याने स्कूटरची सीट रुमालाने पुसली.

"बस वं."

शामला फाटकाबाहेर पडून सक्करदऱ्याच्या रस्त्याला लागली होती.

"अवं, काहून पायी चालली? घर दूर आहे!"

"आईले शेवटी घर सापडत नव्हतं," ती मागे न पाहता म्हणाली. "मले सापडते अजून. चालू द्या."

तिच्या चालीने स्कूटर चालवता येईना. तो उतरून ढकलत मागे निघाला. माफी मागावी असं त्याला फार वाटत होतं.

तीस वर्षं पायाखालच्या चौकात शामला थांबली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. मग पिशवी छातीशी धरून ती मागे वळली आणि त्याच्या येण्याची वाट पाहू लागली.